दोन गिटारींचा माणूस

बेस वाजवणाऱ्या माणसानं कार्यक्रमाला किती गिटारी न्याव्यात? एक. हे मी वाजवणारा म्हणून सांगत नाही, वाहून नेणारा म्हणून सांगतो. महाडच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीचा टेम्पो मी वीसेक वर्षं चालवला. साधी गिटार वाजवणारे दोन-दोन आणतात, ते मला पटतं. त्यांच्या तारा केसासारख्या, जोरात वाजवलं की तटकन जातात. बेसच्या, म्हणजे खर्जाच्या गिटारीच्या, तारा चारच, पण रहाटाच्या दोरासारख्या. त्या तुटत नाहीत. म्हणून बेसवाला एक आणतो, वाजवतो, घरी जातो.

आमचा दोन आणायचा. लग्न असो, हळद असो, पूजा असो, दोन. आणि दुसरी स्टेजवर कधी खोळीतून काढायचा नाही. पायाशी ठेवायचा नि एक पाय तिला टेकवून पहिली वाजवायचा. त्याला सगळे डबल म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते हाकेला कधी लागलं नाही.

गेले पंधरा दिवस मी ह्या डबलला शोधत होतो.

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवतो नि उतू जायच्या आत अंगणात जातो. अंगणातून रस्त्यावर. पोलादपूरच्या स्टँडवर महाडची गाडी दिसली की चढतो, महाडला उतरलो की काय काम होतं ते आठवत नाही, परत पोलादपूरची गाडी धरतो. कंडक्टर ओळखतो आता. "आजोबा, आज कुठं?" म्हणतो. मी म्हणतो, तू नेशील तिकडं.

ती जायच्या आधी आठ-दहा दिवस एकच गोष्ट मागत होती. "त्या डबलला आणा. माझ्या दारात एकदा वाजवू दे. नि त्याला सांगा." काय सांगायचं ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी त्याचं एक वाईट केलेलं होतं नि ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून तोंड दाखवायला जात नव्हतो. ती असेपर्यंत गेलो नाही. आता वर्षश्राद्ध आलं. ते तरी चुकवायचं नाही असं ठरवलं.

वाईट काय केलं ते सांगतो, पण आधी तो माणूस कसा होता ते कळायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढंच?

पार्टीच्या मालकानं त्याला एकदा सगळ्यांसमोर धरला. "तुझी तार कधी तुटली काय रे?"

"नाय."

"मग दुसरी कशाला?"

"ती हाय म्हणून तुटत नाय."

"बरा. आज नको आणू, बघू तुटते काय."

"आज तुटंल," डबल म्हणाला नि दुसरी उचलून टेम्पोत ठेवली. मालकानं कपाळावर हात मारला.

गिटारीचंच नाही, त्याचं सगळं तसंच. खिशात दोन रुमाल, दोन चष्मे, दोन्ही एकाच नंबरचे. सदऱ्याच्या आत दुसरा सदरा, मे महिन्यात. टपरीवर दोन चहा सांगायचा. एक प्यायचा, दुसरा समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचा. पहिला सांडला नाही की दुसरा माझ्याकडे सरकवायचा. वीस वर्षं मी त्याचा न सांडलेला चहा प्यायलो, गार.

माझ्या बायकोनं एकदा त्याची फिरकी घेतली. "भावजी, सगळा दोन दोन. बायको किती?"

"एक पण नाय वयनी. दुसरीची सोय झाल्याबिगर पहिली कशी करू?"

ती पदर तोंडाला लावून हसली. हे तिला ऐकू आलं, ही मोठी गोष्ट होती. तिचे कान गेलेले होते. लग्नाच्या वेळी बरे होते, मग दोन बाळंतपणं, एक मोठा ताप, नि हळूहळू चाळिशीच्या आत गेले. सगळेच गेले नाहीत. भांडं पडलं तर कळायचं नाही, फोनची घंटा कळायची नाही, नातवंडांचं बोलणं कळायचं नाही. मेघ गरजला तर कळायचा. माझ्या टेम्पोचं इंजिन फाट्यावर आलं की कळायचं. मी तिच्याशी ओरडून बोलायचो. ओरडून ओरडून माझा आवाज तसाच झाला, आता देवळात पण लोक म्हणतात, हळू.

डबल तिच्याशी ओरडत नव्हता. तो उलटा आवाज खाली न्यायचा, घागरीत बोलल्यासारखा, सावकाश. आणि तिला कळायचं. मी घसा फोडून विचारायचो, "मीठ कुठं हाय?" नि ती म्हणायची, "काय?" तो पडवीत बसून बोलायचा, "वयनी, भाकरी बरी झालीय," नि ती आतून म्हणायची, "अजून एक घ्या."

मला हे आवडायचं नाही. आता लपवून काय करू?

कार्यक्रम जवळपास असला की ती यायची. पुढं सतरंजीवर बसायची, डबलच्या बाजूच्या स्पीकरच्या मोठ्या खोक्यासमोर. गाणारी बाई काय गाते, ढोलकीवाला काय करतो, तिला पत्ता नसायचा. ती मला सांगायची, "तुमच्या पार्टीत एकच माणूस वाजवतो. बाकीचे नुसते हात हलवतात." लोकांचं उलटं होतं. लोकांना बाकी सगळे ऐकू यायचे, हा एक हात हलवताना दिसायचा.

डबल आखातात होता आठ वर्षं, एसी-फ्रिजचा फिटर म्हणून. बेस तिथंच शिकला. एकदा हॉटेलात शिडीवर चढून तो छतातली पाईप जोडत होता नि खाली बँड वाजत होता. मध्येच बेसवाल्याच्या गिटारीची आतली वायर तुटली. "भाऊ," तो मला सांगायचा, "वरनं मला सगळा दिसत व्हता. गाणा चालू, ढोल चालू. पण नाचणारी माणसा थांबली. एकमेकांकडं बघायला लागली. कोणाला कळला नाय काय गेला. त्या माणसाकडं दुसरी गिटार नव्हती." हे सांगताना तो हात पँटला पुसायचा, जसा काही अजून शिडीवरच आहे.

आणि म्हणायचा, "घरात फ्रिज कधी ऐकलास? बंद पडला की ऐकू येतो."

मी म्हणायचो, माझ्या घरात फ्रिज नाय. तेव्हा नव्हता.

पावसाळ्यात पार्टीला काम नसतं. डबल तेव्हा तुडीलच्या अलीकडे खाडीकाठी एका खोलीत राहायचा, भिंतींना हात लावला तर ओला व्हायचा. एका आषाढात तो आमच्याकडे आला नि म्हणाला, "वयनी, दुसरी तुझ्याकडं ठेव. दोघी एका जागी नको. घर पडला तर दोघी जातील." मी म्हटलं, आमचं घर पडणार नाही कशावरून? तो म्हणाला, "दोन्ही घरा एकाच दिवशी नाय पडत."

बायकोनं काय केलं, ती चुलीच्या वर टांगली. आपल्याकडे पावसात जे जपायचं ते चुलीच्या वर. बियाणाची कणसं, लसूण, सुकट, बोंबील. त्यांच्या ओळीत गिटार, दोरीनं बांधून, खोळीसकट. मी म्हटलं, "अगो, ती लाकडाची हाय, वाकंल." तिला ऐकू आलं नाही, का आलं नि ऐकलं नाही, देव जाणे. चार महिने ती धुरात लटकली. नवरात्राच्या आधी डबल न्यायला आला. खोळ काढली तर गिटार तांबडीची काळी, नि वास असा की मांजर पाठीमागं लागलं. मला वाटलं आता हा रडतो. त्यानं ती मांडीवर घेतली, नाक लावलं, एक तार जरा वाजवली, कान लाकडाला लावून बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वयनी, हिला बुरशीचा टिपका नाय. पहिलीला सगळी बुरशी. दर सालाला टांग."

तेव्हापासून दर साल टांगायची. आणि दुसरी माझ्या केबिनमध्ये यायची, माझ्या शेजारच्या सीटवर उभी. बाकी सामान मागं, डबल मागं, पहिली मागं त्याच्या कुशीत. दोघी एका जागी नको ना. मी घाट चढतोय, घाट उतरतोय, शेजारी सुकटीचा वास. पार्टीतले मला म्हणायचे, आलास काय बाजार घेऊन.

आता ते वाईट सांगतो.

सात वर्षं झाली त्याला. नवरात्र, पावसानंतरचा पहिलाच कार्यक्रम, तुडीलला. बायकोचं माहेर तुडील. ती आदल्या दिवसापासून तयार. सकाळी पोलादपूरकडून तिला घेऊन महाडला आलो, पार्टीच्या गोडावनात सामान भरायला. डबलनं दुसरी नेहमीसारखी आधी केबिनमध्ये ठेवली नि मागचं सामान भरणं बघायला गेला. बायको शेजारच्या घरी पाणी प्यायला गेली. तेवढ्यात मालकानं वायरींची पेटी पुढं आणून टाकली, म्हणाला मागं जागा नाही. आता सीटवर पेटी, गिटार, नि बायको बसायची आहे.

मी गिटार काढली. गोडावनाच्या दाराआड भिंतीला उभी केली.

जागा नव्हती हे खरं. पण जागा काढता आली असती. मागं चादरींवर ठेवता आली असती, डबलला हाक मारता आली असती. त्या दिवशी मला तो वास नको होता, ती गिटार नको होती, नि डबलचं 'वयनी, वयनी' पण नको होतं. माझी बायको माहेराला चालली होती, माझ्या शेजारी बसून. एवढंच डोक्यात होतं. आणि असं वाटलं, वीस वर्षांत जी लागली नाही ती आज काय लागणार?

ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. मी पटांगणाच्या कडेला केबिनमध्ये पाय वर करून पडलो होतो. तिसऱ्या गाण्याला डबल स्टेजवरून उतरून टेम्पोकडे आला. पळत नव्हता, चालत आला.

"भाऊ, आवाज गेला. वायर खुपसतो तिथं आतनं गंजलाय. दुसरी दे."

मी उठून बसलो. खरं सांगायला एक श्वास लागला असता.

"दुसरी कुठं? तू चढवलीसच नाय," मी म्हटलं.

"चढवली व्हती."

"मग बघ की. हाय काय?"

त्यानं सीटखाली बघितलं. पेटीच्या मागं बघितलं. परत सीटखाली बघितलं. मग आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. "मी चढवली व्हती," परत म्हणाला, पण आता मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखा. त्याच्या तोंडावरचं मी तेव्हा बघितलं, आजपर्यंत बघतो आहे.

तो परत स्टेजवर गेला. मुकी गिटार गळ्यात घालून उरलेला सगळा कार्यक्रम उभा राहिला. बोटं बरोबर चालवत होता. कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं कसंतरी सांभाळलं. लोक नाचत होते, शिट्ट्या मारत होते. कोणाला काही कळलं नाही.

मग माझी बायको सतरंजीवरून उठली. बायांच्या पायांतून वाट काढत टेम्पोपाशी आली. तिकडे गाणारी बाई टिपेला लागलेली, ढोलकी तापलेली, पोरं उड्या मारतायत. ती मला म्हणाली, "अवो, पार्टी थांबली काय?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक ओरडलो.

मालक आवराआवरीच्या वेळी डबलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघितलास? बेस नव्हता, कोणाला कळला पण नाय. पुढल्या येळेपासून कीबोर्डवर भागवू. तुझा पण वय झालाय." डबल एवढंच म्हणाला, "मी विसरलो. आज मी विसरलो." मालक म्हणाला, होतो रे माणूस विसराळू.

डबल तिथूनच आपल्या खोलीवर गेला. परत येताना बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आज गाडीला वास नाय."

मी गाडी चालवत राहिलो.

"कुठं ठेवलीत?"

मी सांगितलं. ओरडून नाही, हळूच बोललो, कसं कोण जाणे तिला कळलं. ती म्हणाली, "मी मांडीवर घेतली असती." नंतर चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी आपल्या भावाला पाठवून तिनं गोडावनातून गिटार आणवली, पुसली, नि गोडावनात सापडली एवढंच सांगायला लावून त्याच्याच हाती डबलकडे पोचती केली. मला म्हणाली, "सांगायचा ते तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगणार नाय." मी म्हटलं, सांगेन. त्यानंतर डबल खाडीवरची खोली सोडून कुठं गेला ते कळलं नाही. खरं सांगू, मी विचारलंच नाही. ती दर पावसाळ्याला विचारायची, "सांगितलात?" मी म्हणायचो, सांगेन.

डबल गेल्यावर कार्यक्रमाला ती एकदाच आली. पहिल्या गाण्याला उठून गेली. मुकं काय बघायचं, म्हणाली.

आता ह्या पंधरा दिवसांचं. तुडीलला गेलो, खाडीकाठच्या खोलीत दुसरेच लोक. महाडच्या बाजारात एकानं सांगितलं माणगावला आहे, तिथं नव्हता. दुसऱ्यानं सांगितलं परत आखातात गेला, ह्या वयात कोण नेतो? दोनदा पोलादपूरच्या स्टँडवर पाठमोरा दिसला म्हणून धावलो, दोनदा दुसराच माणूस. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला, "बाबा, श्राद्धाला गिटार? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, भजन चालता ना? मग हा पण चालंल. तो म्हणाला, हळू बोला.

शेवटी एका ट्रकवाल्यानं सांगितलं. कशेडीच्या जुन्या रस्त्याला एक फ्रिज दुरुस्त करणारा बसतो, दोन चहा सांगतो. मी म्हटलं, बस, हाच तो.

बोगदा झाल्यापासून तो जुना रस्ता ओस पडलाय. एक हॉटेल बंद, दुसरं अर्धं बंद, त्याच्या पुढं पत्र्याची शेड. आठ-दहा फ्रिज उभे, काहींची दारं काढलेली. मधल्या एका फ्रिजवर तळहात ठेवून डबल डोळे मिटून उभा होता. केस पिकलेले, सदऱ्याच्या आत सदरा.

"कोण ता? भाऊ? थांब, बोलू नको," म्हणाला. मी थांबलो. मग डोळे उघडले. "बरा झाला हा. बस. वयनी कशी हाय?"

त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं माहीत असेल.

"गेली," मी म्हटलं. "परवा वर्ष."

त्यानं फ्रिजवरचा हात काढला नाही. दुसरा हात पँटला पुसला, मग परत पुसला. शेडमध्ये तो एकच फ्रिज चालू होता.

"कशानं?"

"दम्यानं. झोपेत नाय, जागेपणी."

"हं."

मी म्हटलं, "तिचा मागणा व्हता. तू दारात येऊन एकदा वाजवायचा. परवा ये."

"मी वाजवत नाय आता, भाऊ." तो खाली बसला. "विसराळू माणसानं वाजवू नये. तुडीलला बघितलास ना तू? वीस वर्षं सांभाळलेला एका दिवसात विसरलो. मला अजून आठवतो, मी सीटवर ठेवली, खोळीचा बंद सरळ केला. सगळा आठवतो. म्हणजे खोटाच आठवतो. डोक्यावर भरवसा गेला माझा. आता घरनं निघालो की कुलूप चार येळा बघतो. गिऱ्हाइकाचा फ्रिज दिला की परत जाऊन बघतो, गॅस भरला काय. लोक हसतात."

मी उभाच होतो. बसलो असतो तर ह्या वेळीही सांगितलं नसतं.

"तू विसरला नव्हतास. मी काढली. गोडावनाच्या दाराआड ठेवली. बायकोला बसायला जागा पायजे व्हती. नि तुला खोटा सांगितला."

त्यानं बाजूचा पान्हा उचलला. मला वाटलं उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. हातात पान्हा होताच.

"बंद सरळ केला व्हता?" त्यानं विचारलं.

"केला व्हता. तू सगळा केला व्हतास."

"म्हणजे आठवतो ता खरा हाय."

"खरा हाय."

"सात वर्षं," तो म्हणाला. "सात वर्षं मी येडा झालोय समजून जगलो." मग शिवी दिली. एकच, पण आईवरून, आणि नेहमीच्या खालच्या आवाजात नाही, मोठ्यानं. डबल मोठ्यानं बोललेला मी पहिल्यांदा ऐकला. त्यानं पान्हा पत्र्यावर फेकला, रस्त्यावरचं कुत्रं पळालं. शेडच्या मागं गेला. मी तिथंच उभा राहिलो. जावं का थांबावं कळेना. पाय आपोआप रस्त्याकडे वळत होते, वर्षभराची सवय. ओढून धरले.

तो परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"वयनीला ठाव व्हता?"

"त्याच दिवशी. मला म्हणाली तुमच्या तोंडानं सांगा. दर सालाला विचारायची."

"नि तू?"

"मी सांगेन म्हणायचो."

"तुझ्या गाडीचा ब्रेक बरा व्हता तुझ्यापेक्षा, येळेवर लागायचा तरी," तो म्हणाला. मग शेडच्या कोपऱ्यात गेला. तिथं चहाच्या स्टोव्हच्या वर, पत्र्याखाली, दोन खोळी टांगलेल्या होत्या. एक काळी, एक त्याहून काळी. दोरी सोडताना मला म्हणाला, "परवा हाय म्हणालास ना? मग आजच निघू. एक दिवस जास्तीचा असू दे."

"माझ्याकडं जेवायला काय नाय. मी भातच करतो."

"दोन माणसांचा कर म्हणजे झाला."

पहिली नि एक छोटा स्पीकर त्यानं घेतला. दुसरी त्यानं माझ्या खांद्याला लावली, पट्टा स्वतः आवळला, बंद सरळ केला. जड असते. इतकी वर्षं वाहिली, पण गाडीनं वाहिली. बाहेर आलो, त्यानं शेडला कुलूप लावलं नि आम्ही रस्त्याला लागलो. पंधरा-वीस पावलं गेलो असू. तो थांबला.

"बघून येतो," म्हणाला.

"लावलास ना आत्ता? मी बघितला."

"तू बघितलास," तो म्हणाला, "म्हणूनच बघून येतो."

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तो गेला, कुलूप ओढून बघितलं, आला. दहा पावलं चाललो, परत गेला. तेवढ्यात जुन्या रस्त्यानं एक टेम्पो आला, ड्रायव्हरनं वेग कमी करून मान बाहेर काढली.

"काय आजोबा, पार्टी हाय काय कुठं?"

"हाय. पोलादपूरच्या खाली."

"एकटेच चाललाव? बसा की, सोडतो."

"एकटा नाय. वाजवणारा कुलूप बघायला गेलाय."

त्यानं शेडकडे बघितलं. डबल कुलूप हातात धरून उभा होता. "येळ लागंल काय?"

"लागंल," मी म्हटलं. "तू हो पुढं."

टेम्पो गेला. डबल आला, म्हणाला, लागलाय. वळणापर्यंत पोचलो नि तो माझ्याकडे न बघता परत फिरला. चौथ्यांदा गेला तेव्हा मी त्याला हाक मारली नाही. दुसरी खांद्यावर घेऊन उभा राहिलो.